गोड ज्येष्ठमधाची बरणी

"ते काळं जरा हात राखून खा," सुईण ग्रीतबाई म्हणाल्या होत्या. "आणि सासऱ्यांनाही सांगा. आत्ता जिन्यात भेटले, तर एक वडी गालात होती आणि मुठीत आणखी."

तेव्हा एल्स्के पोटात होती. ग्रीतबाई माझ्या दंडाचा रक्तदाबाचा पट्टा सोडवत होत्या आणि खालच्या भट्टीतून ज्येष्ठमध आटत असल्याचा वास जिना चढून वर येत होता. मला हसूच आलं. हार्लिंगेनच्या बंदरावर चार पिढ्या ज्येष्ठमधाच्या वड्या पाडणाऱ्या घरात येऊन वड्या बेतानं खा म्हणायचं, म्हणजे कोळ्याच्या घरात शिरून मासळीचा वास येतो म्हणायचं. मी म्हणाले, "बाई, आमच्याकडे पोरं दात येण्याआधी हे चोखतात." त्या हसल्या नाहीत. "तुम्ही शिकलेल्या आहात," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून सायकलीकडे गेल्या.

स्वतःपुरतं मी ऐकलं. बाळासाठी हात आखडला. निरोप मात्र पुढं दिला नाही. देणार तरी कसा? दुकानाच्या भिंतीवर घराण्याची हकीकत मीच लिहिली होती. विद्यापीठात इतिहास शिकले त्याचा या घराला झालेला तेवढाच उपयोग. पणजीसासू बाउक्ये औषधवाल्याच्या दुकानामागं तांब्याच्या कढईत अर्क आटवायची. दक्षिणेकडून गलबतांतून अर्काच्या काळ्या विटा तमालपत्रात गुंडाळून यायच्या. खलाशांच्या बायका नवऱ्यांच्या खोकल्यासाठी वड्या कागदाच्या पुडीत बांधून न्यायच्या. लढाईत साखर मिळेना तेव्हा पोरं नुसती मुळी चघळत शाळेत जायची. आणि सगळ्याच्या खाली, ठळक अक्षरांत: 'खोकल्यावर, पोटावर, थकव्यावर.' अशी भिंत रंगवल्यावर सुईणीचं कोण मनावर घेतो.

माझा नवरा दाउवे आणि त्याची मोठी बहीण हिंके वडिलांना हाइत म्हणतात, लग्नानंतर मीही म्हणू लागले. आमच्या भागातल्या जुन्या घरांत वडिलांना 'तुम्ही' म्हणणंसुद्धा सलगीचं वाटतं. त्यांच्यासमोर उभं राहून 'हाइतनी कॉफी घेतली का?' असं विचारायचं, जणू ते शेजारच्या खोलीत आहेत. आईला मेम म्हणायचं. मेम आता नाहीत.

मेम गेल्यानंतरच्या वसंतात नव्या डॉक्टरबाईंनी हाइतचा रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं. मीठ कमी करा, म्हणाल्या. आमच्या घरात मीठ म्हणजे दुसरं काय असणार? जिभेला चटका देणारी, नवसागर घातलेली दुप्पट खारट वडी. तिच्यावरच तर दुकानाचं नाव उभं आहे. हिंकेनं त्याच दिवशी हाइतच्या खुर्चीजवळची खारट वड्यांची बरणी उचलली. तिच्या जागी मेमच्या पद्धतीची जुनी, गोड, तमालपत्राची वडी आली. तिच्यात मीठ नाही, नवसागर नाही. फक्त अर्क, बिटाची काकवी आणि डिंक. "ही कितीही खाऊ दे त्यांना," हिंके म्हणाली. दाउवे ती वडी रटारट शिजवायचा. बरणी अर्धी झाली की मी काठोकाठ भरायचे. म्हाताऱ्याचं एक सुख काढून घेतलं, तर दुसऱ्यात कमी पडू नये, एवढीच भावना होती.

पुढं शरद ऋतूत हाइत भिंत धरून चालू लागले.

*

हाइतच्या वाढदिवसाच्या दुपारी स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. हिंके गुलाबी केकचे तुकडे कापत होती, शाळेत वह्या वाटाव्यात इतके सारखे. ती शाळेतच शिकवते.

"भट्टीच्या किल्ल्या आज घ्यायच्या," ती म्हणाली.

"आज नको गं," दाउवे म्हणाला. "सगळे असतील."

"म्हणूनच आज. तू एकट्यानं मागितल्यास तर ते तुला आजोबांची एखादी गोष्ट सांगतील, तुझे डोळे भरतील, आणि किल्ल्या त्यांच्याच खिशात राहतील. लहानपणापासून बघतेय मी तुला."

"वय झालंय त्यांचं."

"वय झालं की माणूस सकाळी धड असतो आणि दुपारी पायऱ्या चुकतो? पाय सुजतात? बोलता बोलता थांबतो?" तिनं सुरी पुसली. "हे सगळं मी आधी पाहिलंय, दाउवे. तू पाळण्यात होतास. बाटली भट्टीमागच्या फळीवर असायची. शाळेतून आले की मी ती मोरीत ओतून द्यायचे आणि वर येऊन मेमला सांगायचे, आज नव्हती म्हणून. मेमनं सोडवली त्यांची. आता मेम नाही."

"बाटली दिसली का तुला कुठं?"

"वास येतो. बेरेनबुर्खचा. तो वास मी झोपेतही ओळखेन."

बेरेनबुर्ख म्हणजे आमच्याकडची जडीबुटीची कडू दारू. थंडीत बंदरावरचा प्रत्येक जण तिचा एखादा घोट घेतो. हाइत मात्र घोटावर थांबणारे नव्हते.

दाउवेनं माझ्याकडे पाहिलं. तो असा पाहतो तेव्हा मी मधे पडून काहीतरी मऊ बोलावं, अशी त्याची अपेक्षा असते. पण माझ्या डोळ्यांपुढं गेल्या आठवड्याचं दृश्य होतं. एल्स्केला घेऊन हाइत खिडकीशी उभे होते. मी दारातून पाहत असतानाच त्यांचे गुडघे दुमडले आणि ते भिंतीला घासत खाली आले. एल्स्केला ओरखडासुद्धा आला नाही. पडताना त्यांनी तिला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं होतं. ते मला नंतर आठवलं. त्या वेळी फक्त त्यांचं पडणं दिसलं.

आई झाल्यापासून मी अशीच झाले आहे. खिडक्यांच्या कड्या तपासते, जिन्याचं फाटक दोनदा ओढून पाहते, एल्स्के झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून बसते. बरणीवर मात्र माझी नजर कधी अडली नाही.

"मी हिंकेच्या बाजूनं आहे," मी म्हणाले. "आणि आज एल्स्केला त्यांच्या हातात देऊ नका. कुणीही."

दाउवेनं कप विसळून पालथा घातला. "बरं," तो म्हणाला. "दोघींनी ठरवलंच आहे तर मी खुर्च्या लावतो."

*

हाइतनी मला पुढं हे थोडं थोडं करून सांगितलं. एका वेळी एवढं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येत नव्हतं. एक 'किल्ल्या' तेवढा शब्द दारातून बाहेर आला. त्यांनी खिशात हात घातला. होत्या.

पाय आज फार वाईट होते. वड्या पाडायच्या पिठाच्या साच्यात पाक ओतावा आणि तो अजून आळलेला नसावा, तसे. कारण आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं. तरुणपणी इतकं प्यायलो, ते सगळं आता अंगातून वर येतंय. डॉक्टरबाईंना सांगायचं म्हणजे ती जुनी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागणार, आणि तीही शेजारी लेक बसलेली असताना. नको. थकवाच तर आहे. थकव्यावर काय घ्यायचं ते सुनेनं भिंतीवर लिहिलेलंच आहे.

त्यांनी बरणीतून एक वडी घेतली.

आधी तमालपत्राचा कडवटपणा. मग काही वेळ नुसती माती. परके लोक इथंच हार मानतात. बेटावर जाणारे पाहुणे दुकानाच्या दारातच थुंकतात. धीर धरला तर जिभेच्या मागच्या बाजूनं गोडवा येतो, साखरेचा नाही, मुळीचाच, आणि तो तासभर उतरत नाही. यित्स्के, म्हणजे मेम, पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिनं वडी कडाकडा चावली होती. तरुण वीब्रेननं, म्हणजे हाइतनी, पुडी परत घेतली. "चावणाऱ्याला आम्ही विकत नाही." ती म्हणाली, "मग चोखायला शिकवा की." आठवड्याभरानं ती शिकायला पुन्हा आली. दारू सोडवली तेव्हाही तिनं हीच वडी हातात ठेवली होती. हाक आली की ही तोंडात टाकायची, वीब्रेन, आणि ती विरघळेपर्यंत दुसरं काही ठरवायचं नाही.

तेव्हापासून त्यांचं तोंड कधी रिकामं नव्हतं.

ती विरघळली, तशी त्यांनी दुसरी घेतली.

*

खुर्च्या भिंतीला लावून गोल केला होता. काही आमच्या, काही शेजारच्या बोन्स्ट्राबाईंच्या. आलेला प्रत्येक जण कोट काढून गोलाच्या एका टोकापासून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवत होता. "वडिलांबद्दल अभिनंदन, दाउवे. वडिलांबद्दल अभिनंदन, हिंके. सासऱ्यांबद्दल अभिनंदन, रेन्स्के." एल्स्केचीही मूठ धरून आजोबांबद्दल अभिनंदन झालं. आमच्याकडे वाढदिवसाला घरच्या प्रत्येकाचं अभिनंदन करतात; ज्याचा वाढदिवस, तो शेवटी.

कॉफी झाली, केक झाला. मग टाएके, हिंकेचा नवरा, बोलू लागला. तो बेटाच्या फेरीबोटीवर असतो आणि रोज एक तरी गोष्ट घेऊन येतो.

"काल एका पाहुण्याला आपली दुप्पट खारट दिली. सपत्नीक होता. धक्क्यावरून निघाल्यापासून त्याची बडबड. वडी तोंडात गेली आणि बेट येईपर्यंत एक शब्द नाही. उतरताना बायकोनं दुकानाचा पत्ता मागून घेतला."

सगळे हसले. हाइतही हसले, पण जरा उशिरा. हिंकेनं ते टिपलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता लिहिताना त्या मान हलवण्याची लाज वाटते. एका माणसाच्या हसण्याला उशीर झाला, त्याचा आम्ही दोघींनी पुरावा केला.

बरणी फिरली. बोन्स्ट्राबाईंनी दोन उचलल्या. "यित्स्केचीच चव," त्या म्हणाल्या. "वीब्रेन, या वर्षी ज्येष्ठमध जरा जास्तच उतरलाय हो यात."

"पोरगा शिजवतो," हाइत म्हणाले. "हात सैल आहे त्याचा." आणि मग, सहज, दोन्ही हात पुढं करून: "दे गं तिला इकडे. वाढदिवस माझा, आणि मघापासून सगळ्यांच्या मांडीवर तीच."

घरातली गोष्ट बाहेर गेलेली नाही असं आम्हाला वाटत होतं. पण बोन्स्ट्राबाईंनी कपात पाहिलं, तेव्हा कळलं की ती केव्हाच गेली आहे.

"झोपेला आलीय," मी म्हणाले.

एल्स्के टक्क जागी होती. आजोबांना पाहून माझ्या मांडीवर पाय झाडत होती. मी तिला आणखी घट्ट धरलं, तशी ती रडू लागली.

हाइतनी हात मागं घेतले. ते गुडघ्यांवर ठेवले आणि थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मी कॉफी आणतो." कॉफी त्यांनी कधीच आणली नव्हती. त्यांना फक्त खोलीबाहेर जायचं होतं.

ते उठले. एक पाऊल पडलं. दुसरं उचललं गेलंच नाही. खुर्ची उलटली आणि ते गोलाच्या मध्यभागी कुशीवर कोसळले.

आणि आम्ही कुणी उठलो नाही. क्षणभरच असेल, पण सगळे आपापल्या खुर्चीत बसून मध्यभागी पडलेल्या माणसाकडे पाहत होतो, हे यांचं असंच चालतं अशा तोंडानं. मग हिंके गेली. ती गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, डोकं मांडीवर घेईल. तिनं त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला.

"तू प्यायलायस," ती म्हणाली.

त्या घरात वडिलांना कुणी 'तू' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दाउवे उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

हाइतनी डोळे मिटले. "वास घेतलास ना," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "मग मी काय सांगू."

हिंकेनं त्यांच्या खिशात हात घालून किल्ल्या काढल्या आणि ती खाली गेली. पाहुणे कोट शोधू लागले. बोन्स्ट्राबाई दाराशी थांबल्या, काहीतरी बोलायला हवं म्हणून इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "वडिलांबद्दल अभिनंदन, दाउवे." मग त्यांना कळलं आणि त्या लगबगीनं जिना उतरल्या.

*

हिंकेनं हे मला सांगायला बरेच महिने घेतले.

भट्टीत तिनं दिवा लावला. तिला सगळ्या जागा पाठ होत्या: पिठाच्या साच्यांच्या चळतीमागं, डिंकाच्या पोत्यात, मोठ्या कढईच्या खालच्या वीटकामातल्या खाचेत. प्रत्येक ठिकाणी हात घालताना ती पुन्हा दप्तर पाठीवर असलेली मुलगी होत होती, आणि प्रत्येक वेळी हात रिकामा येत होता. रिकामा हात पाहून बरं वाटायला हवं होतं. तिला राग येत होता. आपण चुकलो असू तर वर जे केलं त्याचं काय, असा तो राग होता.

शेवटची भट्टीमागची फळी. तिथं बाटली होती.

तिनं ती ओढून काढली. बेरेनबुर्खच, भरलेली. बुचावरची लाख अखंड होती आणि खांद्यावर पिठाची इतकी जाड साय धरली होती, की तिची बोटं त्यात उमटली. मेमनं ज्या दिवशी सोडवली त्या दिवसाची बाटली. त्यांनी ती टाकली नव्हती. रोज तिच्याकडे पाठ करून कढई ढवळली होती.

मग हा वास कुठून येतोय, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. शेजारच्या पिंपात दाउवेनं तमालपत्रं भिजत घातली होती. बाजूला ज्येष्ठमधाचा अर्क निवत होता. बेरेनबुर्खात जे पडतं तेच: तमालपत्र आणि ज्येष्ठमध. लहानपणी ज्या वासानं तिची झोप उडायची, तो वास गेले कित्येक महिने तिनं स्वतः आग्रह करून बरणीत भरून घेतला होता.

वरून मी तिला हाक मारत होते.

*

सगळे गेल्यावर मी एल्स्केला जमिनीवर ठेवलं आणि हाइतजवळ बसले. दाउवे त्यांना उचलू पाहत होता. त्यांचा हात उचलला की नुसता खाली पडत होता, ओल्या दोरासारखा. प्यायलेला माणूस असा नसतो. प्यायलेला माणूस निदान हात झटकतो. एल्स्केच्या छातीवर ठेवायची सवय झालेला माझा हात आपोआप त्यांच्या छातीवर गेला. ठोका होता, मग नव्हता, मग एकदम दोन आले, मग पुन्हा नव्हता.

"दाउवे, फोन कर," मी म्हणाले. "अॅम्ब्युलन्स म्हण. हिंकेला विचारू नकोस."

"हाइतना काय होतंय?" त्यानं विचारलं, त्यांना की मला ते कळलं नाही.

"लाज वाटतेय," हाइत म्हणाले.

एल्स्के रांगत आली आणि त्यांच्या पडलेल्या हाताचं एक बोट धरून बसली. या वेळी मी तिला ओढलं नाही.

*

इस्पितळातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. रक्ताचे निकाल तिच्या हातात होते आणि हाइतच्या दंडाला नळी लावलेली होती. तिनं बराच वेळ कागद पाहिला आणि मग सरळ त्यांनाच विचारलं, "दारू घेता?"

हाइतनी छताकडे पाहत उत्तर दिलं. "हिंकेला विचारा. वास तिनं घेतलाय."

हिंके भिंतीला टेकून उभी होती. बोटांना अजून पीठ होतं.

"रक्तात तर थेंबही नाही," डॉक्टर म्हणाली. मग तिनं आमच्या चेहऱ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पोटॅशियम मात्र इतकं खाली गेलंय, की हे बोलताहेत याचंच आश्चर्य वाटतं. जीभ दाखवा बघू."

हाइतनी दाखवली. काळी.

"तुमची?"

दाउवेनं दाखवली. काळी. तिनं हिंकेकडे पाहिलं, पण हिंकेनं तोंड उघडलं नाही. दुपारी बरणी सगळ्यांपुढं फिरली होती.

"रोज किती खाता?"

"मोजत नाही," हाइत म्हणाले. "एक संपली की दुसरी."

"पण खारट नाही," हिंके घाईनं म्हणाली. "खारट आम्ही बंद केली. रक्तदाब आहे ना. आता फक्त गोड. गोडमध्ये मीठ अजिबात नसतं."

"प्रश्न वरून घातलेल्या मिठाचा नाही," डॉक्टर म्हणाली. "ज्येष्ठमधाचाच आहे. ही मुळी जास्त झाली की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडून देतं. पाय सुजतात, दाब चढतो, स्नायू ढिले पडतात. हृदयही स्नायूच आहे." तिनं दाउवेला विचारलं, "ज्येष्ठमध कशात जास्त? खारटमध्ये की गोडमध्ये?"

दाउवे लहानपणापासून कढई ढवळत आला आहे. उत्तर त्याला झोपेत विचारलं तरी आलं असतं. पण त्याला ते बाहेर काढायला वेळ लागला.

"खारटमध्ये नवसागरच जास्त," तो म्हणाला. "गोडमध्ये... आमच्या आईच्या पद्धतीनं केली तर... बहुतेक अर्कच."

यापुढचं वाक्य कुणालाच पुरं करायचं नव्हतं. थोडी अपायकारक होती ती आम्ही काढून घेतली, जास्त अपायकारक होती ती काठोकाठ भरून दिली, आणि तिनं पाय लटपटू लागले तेव्हा ते दारूच्या नावावर मांडलं. मी दुकानातली भिंत आठवत होते. थकव्यावर.

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "सुईणबाईंनी. एल्स्केच्या वेळी."

दाउवेनं माझ्याकडे पाहिलं. ते मऊ बोलण्याची अपेक्षा करणारं पाहणं नव्हतं.

हिंके पलंगाजवळ गेली. वाकली नाही, दुपारी जिथवर वाकली होती तिथवर पुन्हा जायची तिची हिंमत नव्हती. उभ्या उभ्या, पांघरुणाकडे पाहत तिनं विचारलं, "हाइतना पाणी हवंय का?"

नळीतून थेंब पडत होते.

"नको," ते म्हणाले. मग, "आण. थोडं आण."

*

ते घरी आले. पाय हळूहळू आळले. काही आठवड्यांनी भिंत सुटली, जिन्याचा कठडा सुटला. किल्ल्या हिंकेनं स्वतः परत केल्या. त्यांनी त्या खिशात ठेवल्या नाहीत. दाराशेजारच्या खिळ्याला अडकवल्या. ज्याला लागतील त्यानं घ्याव्यात, म्हणाले. भट्टीत ते अजून जातात. नव्या पाकाचा एक थेंब जिभेवर घेतात, दाउवेला काय कमी-जास्त ते सांगतात आणि तोंड धुतात. वडीशिवाय त्यांचा गाल कसा दिसतो, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे. आत गेलेला दिसतो.

हिंके दर रविवारी येते. त्या दुपारबद्दल दोघं एकदाही बोलले नाहीत. बाटली तिनं फोडली नाही. जिथं होती तिथं, पिठाच्या त्याच ठशावर ठेवली. टाएके गोष्टी सांगतो, हाइत हसतात, आणि त्यांचं हसू वेळेवर आलं की आम्ही तिघंही खाली पाहतो.

भिंतीवरची ती ओळ मी पांढऱ्या रंगानं पुसली. रंग जरा वेगळा लागला. गिऱ्हाइकं विचारतात, इथं काय होतं. मी सांगते.

एक गोष्ट मात्र पुसली जात नाही. एल्स्के आता चालते. ती धावत जाऊन आजोबांच्या गुडघ्यांना मिठी मारते, आणि ते तिला उचलत नाहीत. हात मांडीवर ठेवून मी कुठं आहे ते पाहतात आणि विचारतात, "घेऊ का?" रोज. मी रोज म्हणते, "हाइतनी विचारू नये असं." ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. टोमणा असता तर मी तो सोसला असता. पण ते खरंच विचारतात.

म्हणून हे वाचून झालं की एक कराल का? तुमच्या घरातही एखादी खुर्ची असेल, आणि तिच्यात बसलेलं कुणीतरी हल्ली पाय ओढत असेल, भिंत धरत असेल, हसायला उशीर करत असेल. त्याचं कारण तुम्ही आपसात कधीच ठरवून टाकलं असेल: वय, हट्ट, दारू. आज जा त्यांच्याकडे. खुर्चीजवळची बरणी बघा. ती कुणी भरली ते आठवा. त्यांच्या तोंडाशी नाक नेऊ नका. शेजारी बसा, आणि त्यांना जीभ दाखवायला सांगण्याआधी आपली दाखवा.